लॉजची पदकं जमवायची आहेत? आधी मागची बाजू वाचायला शिका

‘मी लॉजची पदकं जमवतो’ असं सांगितलं की समोरचा माणूस थोडा गडबडतो. आपल्याकडे लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरची राहण्या-जेवण्याची सोय. तिथे कसली आलीत पदकं? मग मला फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाची मंडळी समजावून सांगावी लागतात. जुन्या माणसांना ‘जादूघर’ म्हटलं की पटकन कळतं. बंद दारं, आत साहेब आणि पारशी शेट, बाहेर तऱ्हेतऱ्हेच्या अफवा, असं ते जादूघर. फ्रीमेसन लोकांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. लंडनमध्ये २४ जून १७१७ रोजी पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, स्थापन झालं आणि तिथून हे जाळं जगभर पसरलं.

या लॉजमध्ये छातीवर लावायच्या पदकाला ‘ज्वेल’ म्हणतात. लॉजची स्थापना, शताब्दी, अध्यक्षपदाचं वर्ष, धर्मादाय वर्गणी, राणीचा ज्युबिली सोहळा अशा प्रत्येक निमित्ताने ज्वेल निघालं. चांदी, मीना, रेशमी फीत आणि मागे कोरलेलं नाव. मुंबई-पुण्यात ही पदकं अजूनही अधूनमधून सापडतात, आणि बहुतेक वेळा विकणाऱ्याला ती कसली आहेत ते ठाऊक नसतं.

मला तरी कुठे ठाऊक होतं! माझं पहिलं ‘मेसॉनिक’ पदक मी पुण्याच्या जुन्या बाजारात, घासाघीस करून, तरीही दुप्पट किमतीला घेतलं. त्यावर म्हशीसारख्या प्राण्याचं शिंगवालं डोकं होतं. विकणारा म्हणाला, ‘गुप्त चिन्ह आहे साहेब.’ सहा महिन्यांनी कळलं की मेसन लोकांशी त्याचा काही संबंध नाही. ‘रॉयल अँटीडिलूव्हियन ऑर्डर ऑफ बफेलोज’ या वेगळ्याच इंग्रजी बंधुसंघाचं ते पदक. ही पदकं ब्रिटनमध्ये ढिगाने मिळतात. तुमचे तेवढे पैसे वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

१. काय जमवायचं ते आधी ठरवा

सगळंच जमवायला निघालात तर वर्षभरात डबा भरेल आणि त्यात धड काहीच नसेल. नवख्याने एक धागा धरावा. माझ्या मते सुरुवातीला हे धागे बरे पडतात.

पास्ट मास्टर ज्वेल: लॉजचं अध्यक्षपद भूषवून झालं की मिळणारं. इंग्लिश पद्धतीच्या ज्वेलमध्ये गुण्याखाली (गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन) एक चौकोनी पट्टी लोंबते आणि तिच्यावर पायथागोरसच्या प्रमेयाची आकृती असते. शाळेत ज्या आकृतीने रडवलं, तीच. स्कॉटिश पद्धतीत कंपास, गुण्या, वर्तुळाचा कंस आणि मध्ये सूर्य असतो. नुसत्या आकारावरून इंग्लिश की स्कॉटिश ते कळतं.

धर्मादाय ज्वेल: इंग्लंडमध्ये मेसन लोकांच्या तीन मोठ्या संस्था होत्या. मुलींसाठीची १७८८ची, मुलांसाठीची १७९८ची आणि वृद्धांसाठीची १८४२ची. त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्याला ‘स्टुअर्ड’ म्हणत आणि त्याला त्या सालचं ज्वेल मिळे. ही भरपूर निघाली, त्यामुळे स्वस्त आहेत. पट्टीवर साल असतं. एकेक साल जुळवत जायची हौस असेल तर याहून सोपी मालिका नाही.

अमेरिकन मार्क पेनी: रॉयल आर्च ही मेसनरीतलीच एक शाखा; तिच्या स्थानिक गटाने, म्हणजे ‘चॅप्टर’ने, काढलेली नाण्यासारखी तांब्याची किंवा पितळी चकती. एका बाजूला कमानीच्या माथ्यावरचा दगड आणि गोलाकार आठ अक्षरं: एच-टी-डब्ल्यू-एस-एस-टी-के-एस. दुसऱ्या बाजूला चॅप्टरचं नाव, नंबर, गाव. फीत नाही, पिन नाही. नाण्यांच्या अल्बममध्ये बसते. खिसा हलका असेल तर इथून सुरुवात करा.

आणि माझी आवडती मालिका, हॉल स्टोन ज्वेल. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या महायुद्धात मेलेल्या मेसन लोकांचं स्मारक म्हणून लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवर नवं सभागृह बांधायचं ठरलं. ते १९२७ ते १९३३ या काळात उभं राहिलं. पैसे जमवायला निधी काढला आणि दहा गिनी (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी चलन) किंवा जास्त वर्गणी देणाऱ्या सदस्याला चांदीचं ज्वेल दिलं. शंभर गिनी देणाऱ्याला सोन्याचं. क्रॉसचा आकार, चारही टोकांना चौकोन, डाव्या-उजव्या चौकोनांत १९१४ आणि १९१८, मध्ये पंख असलेली शांतिदेवता आणि तिच्या हातांत मंदिर. सिरिल सॉन्डर्स स्पॅकमन याने हे घडवलं. अशी ५३,२२४ वैयक्तिक ज्वेल दिली गेली. म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. पण बऱ्याच ज्वेलच्या मागे मालकाचं नाव आणि लॉजचा नंबर कोरलेला असतो. वस्तू तीच, माणूस दर वेळी नवा. कुणी केंटमधला दुकानदार, कुणी रेल्वेचा इंजिनीअर. एकाच छापाची दहा ज्वेल घेऊनही मला कंटाळा आलेला नाही.

एक फरक इथेच लक्षात ठेवा. ज्या लॉजची सरासरी वर्गणी माणशी दहा गिनी भरली त्याला ‘हॉल स्टोन लॉज’ म्हणत. अशी १,३२१ लॉज होती. त्यांना मिळालेलं ज्वेल अध्यक्षाने गळ्यात घालायचं असतं. ते लॉजचं असतं, माणसाचं नसतं. हा मुद्दा पाचव्या पायरीवर पुन्हा येईल.

२. हत्यारं

फार काही लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग (सराफ वापरतात तसलं), ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, एक चुंबक, सुती हातमोजे, बऱ्या कॅमेऱ्याचा फोन आणि वही. चुंबक लोलकाला, म्हणजे फितीखाली लोंबणाऱ्या भागाला, चिकटला तर पदक खाली ठेवा. मात्र पिन पोलादी असू शकते, तेवढ्यावरून घाबरू नका.

३. मागची बाजू वाचा

पुढची बाजू सगळे बघतात. खरा मजकूर मागे असतो, आणि तो वाचता आला की या छंदाची निम्मी लढाई जिंकलीत.

समजा मागे असं कोरलंय: अमुक यांस, डब्ल्यू.एम., १९११-१२, नं. ३४२, एस.सी. आता एकेक उलगडू.

डब्ल्यू.एम. म्हणजे वर्शिपफुल मास्टर, लॉजचा त्या वर्षीचा अध्यक्ष. पी.एम. म्हणजे माजी अध्यक्ष. आय.पी.एम. म्हणजे नुकताच पायउतार झालेला. ‘ब्रो.’ म्हणजे ब्रदर. नावाआधी ‘ब्रो.’ दिसलं म्हणून तो ख्रिस्ती पाद्री ठरवून मोकळे होऊ नका; असं ठरवणारे विक्रेते मी पाहिलेत.

एस.सी. म्हणजे स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशन, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालचं. ई.सी. इंग्लिश, आय.सी. आयरिश. ही दोन अक्षरं नसतील तर नंबराला काही अर्थ नाही, कारण प्रत्येक ग्रँड लॉजची आपापली क्रमवारी आहे. ३४२ एस.सी. म्हणजे मुंबईचं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’. १८४३ साली इथले मेसन पुढारी डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हे भारतीय लोकांसाठी सुरू झालं. त्याआधी माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत मेसन होता येईना, म्हणून ते पॅरिसला जाऊन झाले. ३४२ ई.सी. मात्र इंग्लंडमधलं वेगळंच लॉज. दोन्हींतला फरक किमतीत पडतो, आणि तुम्हा-आम्हाला वाटणाऱ्या जिव्हाळ्यातही.

नंबरावरून काळही कळतो. इंग्लिश लॉजच्या क्रमांकांची वेळोवेळी फेरमांडणी झाली. शेवटची १८६३ साली. त्यानंतर नंबर बदलले नाहीत. म्हणजे एखाद्या लॉजचा १८६३च्या आधीचा नंबर पदकावर असेल तर पदक त्याआधीचं असण्याची दाट शक्यता. जुने-नवे नंबर जुळवायला जॉन लेनची ‘मेसॉनिक रेकॉर्ड्स’ ही जंत्री इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. लॉजचं नाव किंवा नंबर टाका, कुठे भरायचं, कधी सुरू झालं, कधी बंद पडलं, सगळं निघतं. घेण्याआधी, दुकानात उभ्या उभ्या, मोबाइलवर बघून घ्या.

आता साल. इथे भले भले फसतात. पदकावर ‘ए.एल. ५८८७’ लिहिलेलं बघून एकाने मला ते कुठल्याशा हिब्रू पंचांगाचं सांगितलं होतं. ए.एल. म्हणजे ‘प्रकाशाचं वर्ष’. त्यातून ४००० वजा करा, १८८७ आलं. रॉयल आर्चचं ‘ए.आय.’ असेल तर ५३० वजा करा. नाइट्स टेम्पलर या मेसनरीतल्या आणखी एका शाखेचं ‘ए.ओ.’ असेल तर उलट १११८ मिळवा. आपल्याला शकात ७८ मिळवायची सवय आहे, त्यामुळे हे जड जाऊ नये.

नाव सापडलं तर पुढची मजा. इंग्लंडच्या संयुक्त ग्रँड लॉजची १७५१ ते १९२१ या काळातली सदस्य-नोंदवही ‘ॲन्सेस्ट्री’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहे. त्यात वय, धंदा, प्रवेशाची तारीख मिळते. पैसे भरून बघावं लागतं, पण एका महिन्याचं सदस्यत्व घेऊन दहा नावं एकदम शोधून काढा.

शेवटी, खोडलेलं नाव. मागची बाजू मध्येच पातळ किंवा किंचित खोलगट लागली, तर जुनं नाव घासून काढलेलं असू शकतं. त्यावर तोंडाने हलकी वाफ सोडा आणि भिंगातून तिरकं बघा; कधीकधी जुनी अक्षरं क्षणभर दिसतात. नाव घासलेलं पदक मी घेत नाही. माणूसच गेला, मग राहिलं काय?

४. चांदीचे शिक्के तपासा

इंग्लिश चांदीवर चालता सिंह असेल तर ती स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. शेजारी गावाचा शिक्का: जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबळ्याचं डोकं म्हणजे लंडन, गव्हाच्या तीन पेंढ्या असलेली ढाल म्हणजे चेस्टर. शेफिल्डचा १९७४ पर्यंत मुकुट होता, पुढे गुलाब आला. सर्वाधिक ज्वेल बर्मिंगहॅम आणि लंडनची निघतील. नांगर बघून पदक आरमाराचं आहे म्हणणारा विक्रेता भेटेलच. त्याला दुरुस्त करू नका, किंमत विचारा. त्यानंतर सालाचं अक्षर आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरं. ‘जीके’ म्हणजे जॉर्ज केनिंग, लंडनचा मोठा कारखानदार. ‘टीएच’ म्हणजे टॉमस हार्पर असू शकतो. १८व्या शतकाच्या अखेरीस आणि १९व्याच्या सुरुवातीला लंडनमध्ये त्याने घडवलेली ज्वेल संग्राहकांना फार प्रिय आहेत. ‘असू शकतो’ म्हणालो, कारण टीएच आद्याक्षरांचे कारागीर आणखीही होते. सालाचं अक्षर आणि घडण जुळल्याशिवाय हार्परची किंमत देऊ नका.

एका पदकाचे तीन-चार भाग असतात: वरची पट्टी, कधी मधली पट्टी, फीत, खालचा लोलक. शिक्के प्रत्येक चांदीच्या भागावर वेगळे असू शकतात. लोलक १९०२चा आणि पट्टी १९३१ची निघाली, किंवा पट्टीवर एका लॉजचं नाव नि मागे दुसऱ्याचं, तर ते दोन मोडक्या पदकांचं लग्न लावलेलं आहे. अशी लग्नं लावणारे भटजी बाजारात बरेच आहेत.

५. पुढची बाजू, आणि सारखे दिसणारे सोयरे

चिन्हं समजायला आपल्याला एक सोय आहे. घरचं बांधकाम केलं असेल तर गवंड्याची हत्यारं तुम्ही पाहिलीच आहेत, आणि मेसन म्हणजे गवंडीच. गुण्या अध्यक्षाचा, पाणसळ सीनियर वॉर्डनची, ओळंबा ज्युनियर वॉर्डनचा. किल्ली खजिनदाराची, एकमेकांवर ठेवलेल्या दोन लेखण्या चिटणिसाच्या, तलवार दारावरच्या टायलरची, वीणेसारखं वाद्य ऑर्गन वाजवणाऱ्याचं, कबुतर डीकनचं.

पण थांबा. ही हत्यारं मोठ्या आकारात, पिनेशिवाय, गळ्यातल्या रुंद पट्ट्याला लटकवायच्या कडीसह मिळाली तर ती अधिकाऱ्यांची ‘कॉलर ज्वेल’ आहेत. छातीवरचं पदक माणसाच्या मालकीचं, कॉलर ज्वेल मात्र लॉजच्या मालकीचं. बंद पडलेल्या लॉजचं सामान रीतसर विकलंही जातं, पण चोरीला गेलेलंही बाजारात येतं. अख्खा संच एकदम स्वस्तात मिळत असेल तर आधी शंका घ्या आणि बिल मागा. बिल नाही म्हणाला तर राम राम.

आता सोयरे. शिंगं आणि ‘आरएओबी’ असेल तर बफेलोज. तीन कड्यांची साखळी आणि एफ-एल-टी ही अक्षरं असतील तर ऑड फेलोज. ‘एओएफ’ म्हणजे फॉरेस्टर्स. ‘आयओआर’ म्हणजे रेकाबाइट्स, दारूबंदीवाले. हे सगळे बंधुसंघच आहेत आणि त्यांचीही पदकं जमवण्यासारखी आहेत, पण मेसॉनिक म्हणून पैसे मोजू नका.

उलट चूकही होते. वर्तुळात दोन गुंतलेले त्रिकोण, म्हणजे सहा टोकांची चांदणी, बघून लोक ‘ज्यू लोकांचं’ म्हणून सोडून देतात. ते बहुधा रॉयल आर्चचं ज्वेल असतं. खाली तीन टी जोडल्यासारखं चिन्ह दिसलं की खात्री. फीत पांढरी असेल तर साधा सदस्य, किरमिजी असेल तर प्रिन्सिपल (चॅप्टरचा प्रमुख), तिरंगी असेल तर ग्रँड अधिकारी. अर्थात फीत बदललेलीही असू शकते.

नवीन माल जुना म्हणून विकणं हा तर सर्रास प्रकार. मेसॉनिक साहित्य आजही बनतं, बरंचसं पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये. गंमत बघा, तिथे १९७२ साली मेसनरीवर बंदी आली, लॉज बंद झाली, पण परदेशी लॉजसाठीचं भरतकाम आणि बिल्ले जोरात. तो माल वाईट नाही. तो ‘१८८०चा’ म्हणून विकणारा वाईट. जुना मीना काचेचा असतो, थंड आणि कडक लागतो, कडांना बारीक टवके असतात. नवा रंग बऱ्याचदा प्लास्टिकसारखा फुगीर दिसतो. ओतीव नकलेवर अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि भिंगातून पुटकुळ्या दिसतात. उघडल्यावर क्रॉस होणारा चांदी-सोन्याचा छोटा गोळा घड्याळाच्या साखळीला लावत. त्याच्या नकला तर इतक्या आहेत की नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

आणि कहाण्या विकत घेऊ नका. ‘नाझी काळात मेसन लोक गुपचूप लावायचे’ म्हणून निळ्या फुलाचा बिल्ला खपवतात. तसा बिल्ला १९३८ साली खुद्द नाझी सरकारच्या हिवाळी मदतनिधीने वर्गणीसाठी विकला होता. मेसन लोकांनी तो खूण म्हणून उघडपणे स्वीकारला तो युद्धानंतर.

६. कुठे शोधायचं

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. सकाळी लवकर जा. नाणी-पदकांच्या प्रदर्शनांत एका कोपऱ्यात ‘मिसलेनियस’चा डबा असतो, तो खाली बसून उपसा. भारतीय नाणे-लिलावांच्या कॅटलॉगमध्ये पदकांचा विभाग शेवटी असतो. तिथे लॉजची ज्वेल चुकूनमाकून येतात. बाहेर बघायचं तर ब्रिटनमधलं ईबे आणि लंडनचे पदकांचे लिलाव. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा आणि शिक्क्यांचा जवळून काढलेला फोटो मागा. न देणाऱ्याकडून घेऊ नका.

पण माझा अनुभव सांगतो: सगळ्यात चांगल्या वस्तू सराफाकडे मिळाल्या, मोडीत. कुणाचे तरी आजोबा किंवा खापरपणजोबा लॉजमध्ये होते, छावणीत नोकरीला होते, नाहीतर रेल्वेत. पिढी बदलली, कपाट आवरलं, आणि ‘हे कसलं तरी इंग्रजी पदक’ चांदीच्या भावात गेलं. ओळखीच्या सराफाला सांगून ठेवा की मीना असलेलं, कोरलेलं काही आलं तर भट्टीत घालण्याआधी मला फोन करा. चांदीच्या भावावर चार पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा. तुम्ही एकदा घासाघीस केलीत की दुसरा फोन येत नाही.

कुटुंबाकडून थेट घेताना मात्र लबाडी करू नका. वस्तू काय आहे ते आधी सांगा. एका बाईंना मी आजोबांच्या पास्ट मास्टर ज्वेलचा अर्थ समजावला, तर त्यांनी ते विकायचा बेतच रद्द केला. चहा मात्र छान झाला.

७. कायदा आणि कागद

हा भाग रूक्ष आहे, पण टाळू नका.

भारतात १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं किंवा जास्त जुनी नाणी, कलावस्तू, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू त्यात येतात. १८९७चं ज्युबिली ज्वेल वयाच्या निकषात बसतं, आणि हॉल स्टोनची जुनी ज्वेलही आता शंभरीला टेकली. असली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. लेस्टरला राहणाऱ्या पुतण्याला वाढदिवसाची भेट म्हणून त्याच्या बॅगेत घालून दिलीत तरी तो गुन्हाच. उलट दिशेने, म्हणजे त्याने तिकडून घेऊन यायला, हा कायदा आड येत नाही. फक्त खरेदीची पावती सोबत ठेवायला सांगा आणि कस्टम्सने विचारलं तर लपवू नका. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्या. चार पदकं अदलाबदल करणं वेगळं आणि दुकान मांडणं वेगळं.

कुरिअरने मागवलंत तर कंपनी ओळखीचा पुरावा मागते, कस्टम्सचा कर लागू शकतो. पार्सलवर ‘गिफ्ट’ किंवा खोटी कमी किंमत लिहायला विक्रेत्याला सांगू नका. पार्सल अडलं किंवा हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळेल.

फाइलमध्ये हे कागद असू द्या:

– खरेदीचं बिल किंवा हाताने लिहिलेली, सही-तारखेची पावती
– परदेशी खरेदी असेल तर विक्रेत्याच्या पानाची छापील प्रत आणि पैसे भरल्याची नोंद
– कस्टम्सची पावती, पार्सलचं लेबल
– कुरिअरसाठी आधार किंवा पॅनची प्रत
– कुटुंबाकडून घेतलं असेल तर ‘हे आमच्या आजोबांचं, स्वखुशीने दिलं’ अशी दोन ओळींची चिठ्ठी
– पुढून, मागून आणि शिक्क्यांचे फोटो

परदेशातून आलेल्या वस्तूचे आयातीचे कागद तर कधीच फेकू नका. ती इथल्या कुठल्या कपाटातून निघालेली नाही, याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

८. घरी आणल्यावर हात आवरा

माझ्याकडच्या दुसऱ्या पदकाची गोष्ट. चांदीचं, वर सोन्याचा मुलामा, मध्ये निळा मीना. मी ऑफिसला गेलो आणि दिवाळीची चांदी घासायला काढली होती त्यात आईने मायेने तेही घेतलं. रांगोळी आणि लिंबू. संध्याकाळी पदक लख्ख पांढरं! मुलामा गेला, कोरीव नाव अर्धं बोथट झालं, मीन्यावर चरे. आईला काय बोलणार? ‘काळं पडलं होतं रे,’ एवढंच ती म्हणाली.

तो काळा थर राहू द्या. रांगोळी, टूथपेस्ट, चिंच, चांदी उजळायचं द्रावण, सराफाकडचं अल्ट्रासॉनिक यंत्र, यातलं काहीही नको. त्या यंत्रात मीना तडकतो. जुन्या ज्वेलमध्ये पांढरे चमकणारे खडे असतील तर ते काचेचे ‘पेस्ट’ असतात, मागे पातळ चकाकता पत्रा. आत पाण्याचा थेंब गेला की खडा कायमचा काळवंडतो. म्हणून पाणीसुद्धा नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस्स. फीत धुऊ नका, इस्त्री करू नका. विरली असेल तर पदकासोबतच पाकिटात ठेवा, तिचा रंग हा पुरावा आहे.

आपला खरा शत्रू पावसाळा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदला. प्रत्येक पदक आम्लमुक्त कागदात वेगळं. मऊ पीव्हीसीची पाकिटं चिकट होतात, रबरबँड आणि लोकर चांदी काळी करतात. वर्तमानपत्रात गुंडाळणं तर विसराच.

आणि लग्नात कोटावर लावून मिरवू नका. तुम्ही त्या लॉजचे सदस्य नाही. ज्यांना कळतं त्यांना ते खटकतं.

९. वही आणि चिठ्ठी

प्रत्येक पदकाला क्रमांक द्या. वहीत लिहा: कुठून, कधी, कितीला घेतलं, वजन, रुंदी, सगळे शिक्के, मागचा मजकूर अक्षरन् अक्षर, चुकांसकट, लॉज, नंबर, कॉन्स्टिट्यूशन, माणसाबद्दल काय सापडलं. एक्सेलमध्येही ठेवा, पण वही हवीच.

शिवाय डब्यात प्रत्येक पदकाखाली एक चिठ्ठी. तुम्ही नसताना हा डबा कुणीतरी उघडणार आणि सराफाकडे नेणार, हे धरून चाला. माझ्या हॉल स्टोनच्या डब्यातली चिठ्ठी अशी आहे:

‘हे मोडीत देऊ नये. चांदीपेक्षा थोडीच जास्त किंमत येईल, पण मागे ज्या माणसाचं नाव आहे त्याची माहिती वहीत पान १४ वर आहे. नको असेल तर लंडनच्या फ्रीमेसनरी संग्रहालयाला पत्र लिहून विचारावं. परदेशी पाठवण्याआधी ती पुरावस्तू ठरत नाही ना, ते पुरातत्त्व खात्याला विचारावं. आणि घासू नये.’

शेवटचं वाक्य मी लाल शाईने लिहिलंय.